गाडी डुलतेय, हँडल थरथरतंय? चाकाचं दुखणं ओळखायचे तीन प्रश्न

पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. बाईक बाबांची, मागं आई. शिरवळ सोडलं तेव्हा आई म्हणाली, "अरे, मागं काहीतरी हलतंय." मी म्हणालो, "रस्ता खराब आहे गं."

खंबाटकी घाटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर गाडी आडवी केली आणि मागचं चाक माशाच्या शेपटीसारखं डुललं. पडलो नाही. पण गाडी कडेला घेतली तेव्हा हात थरथरत होते.

घाट उतरून हळूहळू पंक्चरवाल्याकडं पोहोचलो. काकांनी टायरला हात लावायच्या आधी विचारलं, "दादा, गाडीला शेवटचा हात कुणी लावला?"

मला आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी मागचं चाक पंक्चर झालं होतं. एका दुकानात ते काढून बसवलं होतं. काकांनी चिमट्यावरच्या खुणा दाखवल्या. चेन ताणायच्या पट्टीवर डावीकडं तिसरी खूण, उजवीकडं चौथी. म्हणजे चाक गेले पंधरा दिवस तिरकं बसलेलं. त्यात हवा गेजवर निम्मीच. काकांनी नट सैल केला, चाक सरळ केलं, हवा भरली. दहा मिनिटांचं काम. पुढं साताऱ्यापर्यंत गाडी सुतासारखी गेली.

पंधरा दिवस गाडी सांगत होती. आईला कळलं, मला नाही. कारण ऐकायचं कसं हेच मला माहीत नव्हतं.

तर आजचा विषय हाच आहे. बाईकचं टायर किंवा चाक बिघडलं तर ते ओळखायचं कसं, आणि कुठल्या बिघाडात थांबायचं, कुठल्यात गॅरेजपर्यंत जाता येतं.

आधी हे एवढं महत्त्वाचं का, ते बघू

चारचाकीचं एक टायर बसलं तरी बाकीची तीन गाडीला उभं ठेवतात. दुचाकीला ती सोय नाही. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग साधारण आपल्या तळहाताएवढा असतो. असे दोनच तळहात. ब्रेक, वळण, तुमचं वजन, मागच्याचं वजन, गॅसची टाकी नेत असाल तर तीसुद्धा, सगळं त्या दोन तळहातांवर.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. हे सगळे टायरमुळे गेले असं अजिबात नाही. पण रस्त्यावर सगळ्यात उघडा कोण आहे, ते यातून कळतं.

आपल्याकडं टायरची चर्चा झाली ती समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर. काँक्रीटचा रस्ता, वेग, तापलेलं टायर, फुटलेलं टायर, हे सगळ्यांनी वाचलं. पण समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही. त्यामुळं ती सगळी चर्चा कारच्या टायरची झाली. बाईकचं टायर आपण बघतो ते थेट पंक्चर झाल्यावर.

डॉक्टरसारखे तीन प्रश्न

डॉक्टर काय विचारतात? कुठं दुखतंय, कधी दुखतंय, कशानंतर सुरू झालं. गाडीलाही हेच तीन प्रश्न विचारायचे.

प्रश्न पहिला : कुठं जाणवतंय?

हँडलमध्ये जाणवत असेल तर संशय पुढच्या चाकावर. सीटखाली किंवा पायाखाली जाणवत असेल तर मागच्या चाकावर. हा नियम शंभर टक्के नाही, पण सुरुवात इथूनच करायची.

मागं बसलेला माणूस जवळजवळ मागच्या चाकाच्या वर बसलेला असतो. त्यामुळं मागचं दुखणं त्याला आधी कळतं. म्हणूनच आईला कळलं होतं. मागं बसणारं कुणी "काहीतरी हलतंय" म्हणालं, तर त्याला रस्त्याचं कारण देऊन गप्प करू नका.

प्रश्न दुसरा : कधी जाणवतंय?

याचे साधारण पाच प्रकार पडतात.

एक, सगळ्याच वेगात गाडी जड वाटते, वळणावर लोळल्यासारखी होते. बहुतेक वेळा हवा कमी असते. हँडल जड वाटलं तर पुढची, मागचा भाग डुलला तर मागची.

दोन, ठराविक वेगातच थरथर येते. म्हणजे पन्नासला काही नाही, पासष्टला सुरू, ऐंशीला परत कमी. हे चाकाचा तोल बिघडल्याचं लक्षण. बॅलन्सिंग नसेल, रिम आउट असेल किंवा टायर रिमवर नीट बसलं नसेल.

तीन, ॲक्सिलरेटर सोडल्यावर, गाडी साठवरून चाळीसकडं येताना हँडल डावी-उजवीकडं हलतं. इथं पुढचं टायर असमान झिजलेलं असतं किंवा कोनसेट, म्हणजे हँडल ज्या बेरिंगवर फिरतं तो भाग, सैल झालेला असतो. हे बघण्यासाठी हँडलवरचे हात सोडून बघायचा उद्योग मात्र करू नका.

चार, फक्त ब्रेक दाबल्यावर धडधड होते. तर आधी डिस्क किंवा ड्रम बघायचा. डिस्क वाकली असेल तर ब्रेकच्या लिव्हरमध्ये टकटक जाणवते. खटका हँडलच्या मुळाशी जाणवत असेल तर परत कोनसेट.

पाच, गाडी कायम एकाच बाजूला ओढते. सरळ रस्त्यावरही हँडल किंचित वळवून धरावं लागतं. अशा वेळी चाक तिरकं बसलंय का, चिमटा किंवा पुढचा शॉकअप वाकलाय का, हे बघायचं. गाडी आधी पडलेली असेल तर हा संशय आणखी पक्का.

प्रश्न तिसरा : कशानंतर सुरू झालं?

हा सगळ्यात कामाचा प्रश्न आणि हाच आपण विसरतो.

खड्ड्यात आदळल्यावर सुरू झालं? तर रिम बघा. पंक्चर काढल्यावर किंवा चेन ताणल्यावर? तर चाक सरळ बसलंय का ते बघा. नवीन टायर टाकल्यावर? तर टायर रिमवर नीट बसलंय का आणि बाणाची दिशा बरोबर आहे का ते बघा. हळूहळू, कधी सुरू झालं ते आठवतच नाही? तर झीज, बेरिंग किंवा कोनसेट.

मेकॅनिककडं गेल्यावर नुसतं "गाडी डुलतेय" म्हणू नका. "साठच्या पुढं हँडल थरथरतंय, गेल्या आठवड्यात खड्ड्यात आदळली होती," असं सांगा. त्याचा अर्धा तास वाचतो आणि तुमच्या बिलातले नको ते पार्टही.

आता घरच्या घरी तपासणी

गाडी सपाट जागेवर मधल्या स्टँडवर लावा. इंजिन बंद, किल्ली बाहेर. चाक हातानंच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चाक कधीही फिरवू नका, आणि हातानं फिरवतानाही बोटं चेनपासून लांब ठेवा. चेन आणि दातेरी चाकाच्या मधे बोट गेलं तर ते तुटतं. मधला स्टँड नसेल तर ही तपासणी मेकॅनिककडंच करा, विटांवर गाडी टेकवून नको.

पायरी १ : हवा

टायर दाबून किंवा लाथ मारून हवा कळत नाही. गेज लावूनच बघायची. खिशात मावेल असा गेज काही शे रुपयांत मिळतो.

हवा किती हवी, हे चेन कव्हरवरच्या किंवा चिमट्यावरच्या स्टिकरवर आणि गाडीच्या पुस्तिकेत असतं. पुढची वेगळी, मागची वेगळी. मागच्या चाकासाठी बहुतेक गाड्यांना दोन आकडे असतात, एकटं असताना आणि डबलसीट असताना. दुसरा आकडा जास्त असतो, कारण मागं बसणाऱ्याचं वजन मुख्यतः मागच्या टायरवर येतं. पंपावर "पुढं पंचवीस, मागं तीस" असा ठरलेला पाढा म्हणण्यापेक्षा आपल्या गाडीचा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. टायरच्या बाजूवर जो सगळ्यात मोठा आकडा छापलेला असतो ती कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते.

हवा टायर थंड असताना मोजायची. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की हवेचा दाब एक पीएसआयनं वाढतो. गाडी तासभर पळवून आणली तर आकडा फुगलेलाच दिसणार. तेव्हा "जास्त झाली" म्हणून हवा सोडलीत तर सकाळी टायर कमी हवेवर असेल.

हवा कमी असली की टायरच्या बाजू सतत दुमडतात, तापतात आणि आतून कमकुवत होतात. जास्त असली की टेकणारा भाग छोटा होतो, ब्रेकची पकड कमी होते आणि प्रत्येक खड्डा कंबरेपर्यंत येतो. पेट्रोल पंपावर हवा फुकट भरून देणं हे पंपाचं कामच आहे. मागायला लाजू नका. भरून झाली की वॉलवर थुंकीचा किंवा साबणाचा थेंब लावा, बुडबुडा आला तर वॉल गळतोय. आणि वॉलचं टोपण लावा. ते शोभेचं नसतं, धूळ आणि चिखल आत जाऊ देत नाही.

पायरी २ : टायरची झीज वाचा

टायर कुठं झिजलंय, यावरून गाडीला काय झालंय ते कळतं.

मधोमध पट्टा चपटा झालाय आणि कडा नव्यासारख्या आहेत? हवा जास्त ठेवली जाते किंवा गाडी कायम हायवेवर सरळ चालते. असं टायर सरळ रस्त्यावर बरं वाटतं. वळणावर मात्र गाडी आधी झुकायला नको म्हणते आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते.

दोन्ही कडा झिजल्यात आणि मधे नक्षी शिल्लक आहे? हवा कमी.

एकाच बाजूला जास्त झीज? चाक तिरकं किंवा चिमटा वाकलेला.

टायरवरून हात फिरवला की एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट्या दिशेनं करवतीसारखं लागतं, जागोजागी खळगे जाणवतात? शॉकअप थकलेत, तोल बिघडलाय किंवा हवा बरेच दिवस चुकीची आहे. अशा वेळी फक्त टायर बदललं तर नवीन टायरही तसंच झिजेल.

एकाच ठिकाणी चपटा डाग? मागचा ब्रेक जाम करून गाडी घसरवल्याची खूण.

पायरी ३ : टायर गोटा झालंय का?

टायरच्या बाजूवर टीडब्ल्यूआय अशी इंग्रजी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण दिसेल. त्याच्या रेषेत वर नक्षीच्या खाचेत बघा. तिथं रबराचा छोटा उंचवटा असतो. बाकीची नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपलं.

कायदाही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी. चारचाकीला हीच मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. ०.८ मिलिमीटर म्हणजे किती? तुमच्या एटीएम कार्डाच्या जाडीएवढं. पण ही शेवटची मर्यादा आहे, चांगल्या टायरची नाही. पावसाळ्यात नक्षीचं काम टायरखालचं पाणी बाजूला ढकलायचं असतं. खाचाच उरल्या नाहीत तर पाणी जाणार कुठं? त्यामुळं टायर मे महिन्यात मर्यादेच्या जवळ आलं असेल तर जूनची वाट बघू नका.

पायरी ४ : टायरचं वय

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. उदाहरणार्थ, २३१९. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे हे टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलं. शिक्का कधी कधी एकाच बाजूला असतो, त्यामुळं दोन्हीकडं बघा.

आजोबांची गाडी कमी चालते, टायरची नक्षी नवीन दिसते, म्हणून टायर चांगलं असं नसतं. रबर उन्हानं आणि वयानं कडक होतं, पकड सोडतं. पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर जाणकाराला दाखवा आणि दहा वर्षांच्या पुढं ते दिसायला कसंही असलं तरी वापरू नका, असं अनेक टायर कंपन्या सांगतात. बाजूला किंवा खाचांच्या तळाशी भेगा दिसत असतील तर वय कितीही असो, टायर दाखवाच. जुनी गाडी विकत घेताना आणि दुकानातून "नवं" टायर घेतानाही हा शिक्का आधी बघा.

पायरी ५ : टेंगूळ, काप आणि खिळा

टायरच्या बाजूला टेंगूळ आलंय का बघा. खड्ड्यात किंवा दुभाजकावर आदळल्यावर आतले धागे तुटतात आणि हवा तिथून रबर बाहेर ढकलते. याला दुरुस्ती नाही. असं टायर कधीही फुटू शकतं, त्यामुळं "गावापर्यंत जाऊ" हा विचारसुद्धा करू नका.

बाजूला काप असून आतले धागे दिसत असतील तर तेच. पंक्चर टायरच्या बाजूला असेल तर तेही काढत नाहीत. टायर बदलायचं.

ट्यूबलेसमध्ये खिळा दिसला तर लगेच उपटू नका. तो खिळाच बऱ्याचदा हवा अडवून धरतो. हवा बघा आणि हळू चालवत जवळच्या दुकानात जा. ट्यूब असलेल्या टायरमध्ये मात्र हवा झपकन जाते. तिथं थांबायचं. पंक्चर टायरवर गाडी चालवली तर ट्यूब फाटते, टायर आतून कापतं आणि रिमही जाते.

पायरी ६ : रिमचा आउट

चाक हळू फिरवा. एक पेन्सिल चिमट्यावर टेकवून तिचं टोक रिमच्या अगदी जवळ धरा. चाक फिरताना रिम आणि टोक यांच्यातलं अंतर कमी-जास्त होतंय का? रिम डावी-उजवीकडं जातेय की वर-खाली? पुढच्या चाकासाठी कुणाला तरी गाडीची मागची बाजू दाबून धरायला सांगा, म्हणजे पुढचं चाक उचलेल, आणि पेन्सिल शॉकअपवर टेकवा. बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये साधारण २ मिलिमीटरपर्यंतचा आउट चालतो. त्याच्या पुढं गेला तर काम आहे.

तारांची रिम असेल तर स्क्रूड्रायव्हरनं एकेका तारेला हलकं टिचकावा. घट्ट तार टणकन वाजते, सैल तार ठक्क असा बसका आवाज देते. सैल तारा ताणून चाकाचा आउट काढता येतो. हे काम हातोटीचं आहे, जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. एक तार जास्त खेचली तर आउट दुसरीकडं जातो.

अलॉय म्हणजे मॅगव्हील असेल तर वाकण्यासोबत तडाही बघा. ट्यूबलेस टायरची हवा दर आठ-दहा दिवसांनी उतरतेय आणि पंक्चर सापडत नाही, असं असेल तर रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर रिमची कड वाकलीय. अशा वेळी काही जण आत ट्यूब टाकून देतात. गळती थांबते, पण वाकलेली रिम तशीच राहते आणि हवा हळू जाण्याचा ट्यूबलेसचा फायदाही जातो. तडा गेलेली अलॉय रिम मात्र ठोकून, वेल्डिंग करून वापरू नका. बदला.

नवीन टायर टाकलं असेल तर आणखी एक बघा. टायरच्या बाजूला रिमच्या जवळ एक बारीक गोल रेघ असते. ती रिमपासून सगळीकडं सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी आत गेली असेल तर टायर तिथं बसलेलं नाही, आणि गाडी उड्या मारणारच.

पायरी ७ : बेरिंग, चिमटा, कोनसेट

चाक दोन्ही हातांनी वर-खाली पकडा आणि हलवा. कटकट वाजतंय? मागच्या चाकाला हे करताना चिमट्याकडं लक्ष ठेवा. चाक हलतंय पण चिमटा स्थिर आहे, तर चाकाचं बेरिंग. चाकासोबत चिमटाही हलतोय, तर चिमट्याचे बुश. चाक फिरवताना घरघर ऐकू आली तरीही बेरिंग.

पुढचं चाक उचललेलं असताना हँडल हळू डावीकडून उजवीकडं फिरवा. मधोमध येऊन अडकल्यासारखं होतंय? कोनसेटमध्ये खळगे पडलेत. शॉकअप खालून धरून पुढं-मागं ढकलला आणि खटका जाणवला, तर कोनसेट सैल आहे.

पायरी ८ : चाक सरळ आहे का?

हीच ती तपासणी, जी मी पंधरा दिवस केली नव्हती. चेन ताणण्याच्या जागी दोन्ही बाजूंना खुणा असतात. डावीकडं जितकी खूण, तितकीच उजवीकडं हवी. मागचं चाक काढून बसवलं असेल तर आणखी दोन गोष्टी बघा. एक्सलचा नट घट्ट आहे का आणि ड्रमच्या प्लेटला धरून ठेवणारा रॉड परत लावलाय का, त्याचा नट जागेवर आहे का. हा रॉड सुटा राहिला तर ब्रेक दाबल्यावर प्लेटच फिरते आणि चाक जाम होऊ शकतं. दुकानातून निघण्याआधी या तीन गोष्टी बघायला अर्धं मिनिट लागतं. पंक्चरवाल्या दादांनाही त्यात राग येण्यासारखं काही नाही.

कधी थांबायचं, कधी जाता येतं?

टेंगूळ, आतले धागे दिसणारा काप, तडा गेलेली रिम, हलणारं बेरिंग, सुटलेला नट किंवा रॉड, तुटलेल्या तारा. यांपैकी काहीही दिसलं तर गाडी जागेवर. टेम्पोत घालून न्या.

थोडा आउट, एकदोन सैल तारा, हळू गळणारी हवा, कोनसेटचा हलका खटका. हवा भरून, हळू, एकट्यानं, जवळच्या गॅरेजपर्यंत. हायवे नको, डबलसीट नको.

झिजत आलेलं टायर, सुरू झालेल्या बारीक भेगा, ठराविक वेगातली थरथर. या आठवड्यात वेळ काढा. पुढच्या पगाराची वाट बघायची असेल तर तोवर गाडी हळू.

आणि कुठल्याही बिघाडात क्रम स्वस्ताकडून महागाकडं ठेवा. आधी हवा, मग चाक सरळ आहे का, मग टायर, मग रिम, मग बेरिंग आणि कोनसेट. हवा न बघता कोनसेट बदलून आलेले लोक प्रत्येक गॅरेजला माहीत असतात.

चालत्या गाडीचं टायर बसलं तर?

घाबरून जोरात ब्रेक दाबू नका. हँडल दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडीचा वेग आपोआप कमी होऊ द्या. ब्रेक लागलाच तर चांगल्या चाकाचा, तोही हळू. म्हणजे मागचं टायर बसलं तर पुढचा, पुढचं बसलं तर मागचा. वेग उतरला की आरसा बघून कडेला या. मागं बसलेल्याला आधीच सांगून ठेवा, असं काही झालं तर हलायचं नाही, घट्ट धरून बसायचं.

नवीन टायर टाकताना

गाडीला जे माप दिलंय तेच घ्या. उदाहरणार्थ, ८०/१००-१८. यात ८० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, १०० म्हणजे रुंदीच्या तुलनेत उंची किती टक्के आणि १८ म्हणजे रिमचा व्यास इंचात. पुढं ४७पी असं काही लिहिलेलं असतं. ४७ म्हणजे ते टायर १७५ किलो भार पेलतं, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी बनलंय. दिसायला भारी म्हणून रुंद टायर टाकलं तर ते अरुंद रिमवर चुकीच्या आकारात बसतं आणि गाडी वळायला जड होते.

बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनं हवा. अनेक टायरवर पिवळा ठिपका असतो. ती टायरची हलकी बाजू, ती वॉलच्या जवळ ठेवतात म्हणजे तोल बरा राहतो. आणि नवीन टायरवर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून. वरचा गुळगुळीत थर निघेपर्यंत पकड पूर्ण नसते. नवीन टायर टाकून त्याच दिवशी घाटात गाडी झुकवायला जाऊ नका.

आता ही सगळी तपासणी रोज करायची का? नाही. आठवड्यातून एकदा हवा बघा आणि टायरवरून एक नजर टाका, पाच मिनिटं लागतात. महिन्यातून एकदा पूर्ण तपासणी, आणि चाक कुणी काढून बसवलं तर त्याच दिवशी.

आमच्या घरी आता पद्धत पडलीय. लांब निघायचं असेल तर आदल्या दिवशी मी गेज लावतो, खुणा मोजतो. आणि आई मागं बसून "काहीतरी हलतंय" म्हणाली, तर आधी गाडी कडेला घेतो. रस्ता खराब आहे की नाही, ते उतरून बघता येतं.